दंडाला बांधलेला पट्टा

एक विचारू? भरवसा ठेवायचा तर माणसानं कोणावर ठेवावा? माणसावर, की यंत्रावर?

लगेच बोलू नका. चहा निवतोय, तोवर विचार करा. आमच्या फुलबाजारात लंकाबाई म्हणून एक गजरेवाली यायची. कळ्या तोलून घेताना ती काट्याकडे बघायची नाही, माझ्या तोंडाकडे बघायची. एकदा मी म्हणालो, "बाई, काटा तिकडं आहे. माझ्या तोंडावर काय मोगरा फुललाय?" तर हसून म्हणते, "काट्याचं काय भाऊ, तुम्ही जे घालाल ते तो सांगन. काय घातलं ते तुमचं तोंड सांगन." तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं. सोमनाथचं प्रकरण कानावर आल्यापासून मात्र मी त्या बाईच्या नजरेला नजर द्यायचा बंद झालो.

सोमनाथचा गाळा माझ्या समोरच. माणूस मखमलाबादचा. घरचा मळा, झेंडू, गुलाब, मधल्या वाफ्यात मेथी-कोथिंबीर. बोलायला इतका गोड, की भांडायला आलेला शेतकरी पान खाऊन जायचा. एकच खोड. 'नाही' हा शब्द त्याच्या जिभेवर यायचा नाही. नको असलेला माल समोर आला तरी म्हणायचा, "राहू द्या, बघू." मग आतल्या बाजूनं असं काही करायचा, की समोरचा आपणहून माल उचलून न्यायचा. धंद्यात ह्याला लोक हुशारी म्हणतात. मीही म्हणायचो.

त्याची मोठी बहीण नवसाबाई. सगळे तिला आक्का म्हणायचे. आई गेली तेव्हा सोमनाथ पाळण्यात होता आणि आक्का परकरात. तिनंच त्याला कडेवर घेऊन झेंडू तोडला, तिनंच वाढवला. वीज कडाडली की हा तिच्या पदरात शिरायचा. म्हशीला भ्यायचा, न्हाव्याला भ्यायचा. पुढं आक्काचं लग्न झालं, नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. परत मळ्यात आली ती भावाचा संसार उभा करूनच थांबली.

दोन हजार तीनच्या सुमाराला तिच्या दोन्ही किडन्या गेल्या.

आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, असं किती दिवस ओढणार. रक्ताच्या नात्यातल्या कुणी किडनी दिली तर बाई वाचेल. रक्ताच्या नात्यातला होता कोण? एकटा सोमनाथ. भरल्या घरात सगळ्यांची मान त्याच्याकडे वळली आणि तो म्हणाला, "देणार की. त्यात विचारायचं काय?" आक्काचे डोळे भरून आले. त्याची बायको उज्वला मुळूमुळू रडली, पण अडवलं नाही.

रात्री मात्र ह्याचे हातपाय गार. बाजारात कुणी सांगितलं होतं की एका किडनीच्या माणसाला क्रेट उचलवत नाही. कुणी म्हणालं, ऑपरेशनच्या टेबलावरून उठेल याची खात्री नाही. दोन पोरी आहेत, गाळा आहे. 'नाही' म्हणायची लाज आणि 'हो' म्हणायची भीती, ह्या दोन्हींत माणूस जात्यातल्या दाण्यासारखा भरडला जातो.

एकेक तपासणी झाली. रक्त जुळलं, सगळं जुळलं. फक्त दवाखान्यात मोजलं तेव्हा ब्लड प्रेशर थोडं जास्त निघालं. डॉक्टर म्हणाले, "हे आमच्या पांढऱ्या कोटाला भिऊन वाढलेलं असणार. आपण चोवीस तास मशीन लावून बघू. घरी नॉर्मल असेल तर ऑपरेशनची तारीख काढू."

नवरात्राचे दिवस होते. कॉलेज रोडवरच्या एका दवाखान्यात ते मशीन होतं. तिथल्या सुवर्णा नावाच्या मुलीनं त्याच्या डाव्या दंडाला पट्टा बांधला, नळी शर्टातून खांद्यावरून घेतली आणि छोट्या ट्रान्झिस्टरएवढी डबी कमरेला अडकवली. म्हणाली, "काका, दिवसा अर्ध्या अर्ध्या तासानं आणि रात्री तासातासानं हे आपोआप फुगेल. फुगलं की हात सैल सोडायचा, बोलायचं नाही, हलायचं नाही. अंघोळ उद्या. बाकी नेहमीची कामं करा."

गंगापूर रोडनं स्कूटरवर येताना पहिल्यांदा पट्टा आवळला. सोमनाथ म्हणतो, मी गाडी कडेला घेतली आणि हात सोडून उभा राहिलो. वाटलं, कुणीतरी दंडाला धरून उभं केलंय आणि विचारतंय, देणार ना? हवा सुटेपर्यंत ते विचारणं चालू होतं.

सुटल्यावर त्यानं गाडी वळवली ती थेट मळ्यातल्या शेडकडे.

शेडमध्ये भिकन होता. त्याच्याकडं वर्षानुवर्षं राबलेला गडी. माल भरायचा, राखण करायचा, तिथंच झोपायचा. भिकनचं ब्लड प्रेशर सगळ्या मळ्याला ठाऊक. सरकारी दवाखान्यातून गोळ्या आणायचा, पण 'गोळीनं झोप येती' म्हणून कधी घ्यायचा, कधी नाही. सोमनाथनं डबी सोडली, पट्टा सोडला आणि भिकनच्या काळ्या, घामेजल्या दंडाला बांधला. आम्ही व्यापारी झेंडूच्या क्रेटमध्ये वर टवटवीत फुलं ठेवतो आणि तळाला शिळी. ह्यानं उलटा व्यवहार केला. चांगला माल झाकला आणि खराब माल वर मांडला, म्हणजे गिऱ्हाइकानंच नको म्हणावं.

भिकननं विचारलं, "हे काय वो शेठ?"

"तुझं बीपी बघायला आणलंय. उद्या सकाळपर्यंत काढायचं नाही. फुगलं की हात सैल सोड."

"माझ्यासाठी आणलं?" भिकन त्या डबीकडं असा बघत राहिला, जशी कुणी चांदीची पेटी दिलीय. "शेठ, गड्याची एवढी काळजी... माझ्या बापानं न्हाई केली."

सोमनाथनं त्याच्याकडं बघितलं नाही.

घरी 'माल उतरायचाय' सांगून त्यानं रात्र गाळ्यावर काढली आणि सकाळी पट्टा पुन्हा स्वतःच्या दंडाला बांधून मशीन परत केलं. रिपोर्ट आला. दिवसा वर, रात्रीही वर. डॉक्टर म्हणाले, "सोमनाथराव, तुमची किडनी घेता येणार नाही. उलट तुम्हालाच जपायला हवं." त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. सोमनाथनं त्या इमानेइतबारे आणल्या आणि रोज सकाळी एक एक मोरीत सोडली. भिकननं दोनदा विचारलं, "शेठ, काय आलं माझं?" ह्यानं सांगितलं, "चांगलं आहे की." भिकन खूश. होत्या नव्हत्या त्या गोळ्याही त्यानं बंद केल्या.

आणि आक्का? सोमनाथला वाटलं होतं, ती रडेल, निदान गप्प होईल. तसं काही झालं नाही. ती म्हणाली, "बरं झालं आधीच कळलं. तुला काही झालं असतं तर मी कोणत्या तोंडानं जगले असते?" तिचं स्वतःचं जेवण अळणीच होतं. तिनं उज्वलाला बजावून भावाच्या ताटातलंही मीठ कमी करवलं. लोणचं बंद, पापड बंद. हा तिच्या समोर बसून अळणी वरण गिळायचा आणि बाजारात येऊन माझ्याकडं मिसळ मागवायचा. मी थट्टा करायचो, "काय सोमनाथराव, बहिणीचा धाक?" तो हसायचा नाही.

डायलिसिससाठी तिच्या मनगटाच्या वर शीर धमनीला जोडलेली होती. तिथं बोट ठेवलं की आत बारीक घरघर लागायची. एक दिवस तिनं त्याचा हात ओढून तिथं ठेवला. "बघ सोमा, जातं चालूच हाय माझं. तू नको घाबरू."

होळीच्या आधी ते जातं थांबलं.

तेराव्यानंतर सोमनाथ बाजारात आला. सकाळची वेळ, बोली जोरात, गुलाबाच्या जुड्या एकीवर एक. त्यानं क्रेट उचललं आणि पट्टा नसताना त्याचा डावा दंड आवळला गेला. क्रेट तिथंच खाली आदळलं. सोमनाथ हात सैल सोडून, मान ताठ करून उभा. मी समोरून बघतोय. डोळ्याची पापणी लवत नव्हती. जरा वेळानं त्यानं श्वास सोडला, फुलं गोळा केली. मी विचारलं तर म्हणाला, "लचक भरली."

लचक अर्ध्या अर्ध्या तासानं भरत नाही.

पुढं पुढं तो बोली सोडून मधूनच थांबायला लागला. शेतकरी चेष्टा करायचे, "शेठला वेताळ लागला." घरी एकदा दुपारी जेवताना उज्वलाचा घास हातात राहिला. सोमनाथच्या अर्ध्या बाहीच्या शर्टाची डावी बाही आपोआप आत ओढली जात होती. कापडाला चुण्या पडत होत्या, कुणी मुठीत धरावी तशा. वारा नव्हता. पंखा बंद होता, लाईट गेले होते.

"अहो... तुमची बाही..."

"बोलू नको," तो ओठ न हलवता म्हणाला.

चुण्या सावकाश सुटल्या. कापड पुन्हा सपाट झालं. त्या वेळी, सोमनाथ म्हणतो, धरणाऱ्या हातातून आत काहीतरी घरघरत होतं. बारीक. सतत.

देव झाले, धागे झाले, त्र्यंबकला जाऊन शांतीही करून आणली. उन्हाळ्यात भिकनला लकवा मारला. डावी बाजू गेली, तोंड थोडं वाकडं झालं. सोमनाथनं पैसे धाडले, पण स्वतः शेडवर जायचं टाळलं. पुढचं नवरात्र जवळ आलं तशी उज्वला हटून बसली: काय असेल ते डॉक्टरांना दाखवा. डॉक्टरांनी दंड चेपून बघितला, ईसीजीची पट्टी काढली, काही सापडेना. म्हणाले, "पुन्हा एकदा चोवीस तास लावू ते मशीन."

तेच मशीन. तीच सुवर्णा. ह्या खेपेला पट्टा बांधून घेताना सोमनाथ मनाशी म्हणाला, आता सोडायचा नाही. जे असेल ते माझं.

बाजारात अशा अवतारात बसणं बरं दिसेना, म्हणून तो मळ्यात गेला. घटस्थापनेची तोडणी चालू होती. दुपारचं ऊन पत्र्यावर तापलेलं. शेडमध्ये मागच्या तोडणीचा झेंडू कोपऱ्यात कुजत होता; त्याचा तो गोडसर, उग्र वास नाकात बसलेला. बायका तिकडं दूर वाफ्यात. शेडमध्ये पोत्यांच्या थप्पीवर भिकन एकटाच, एका हातानं फुलं निवडत. डावा हात मांडीशेजारी लोंबत होता.

"या शेठ. लय दिसांनी."

सोमनाथ समोरच्या क्रेटवर बसला. भिकनची नजर त्याच्या कमरेच्या डबीवर गेली.

"हे तेच मशीन न्हवं? मागच्या साली मला बांधलं व्हतं?"

"हो."

"त्या दिशी आक्का आल्या व्हत्या हितं."

सोमनाथला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "कोण?"

"कोण काय शेठ, आपल्या आक्का. घटाच्या माळेला फुलं न्यायला आल्या व्हत्या दुपारच्याला. म्या म्हणलं, बघा आक्का, तुमच्या भावानं माझं बीपी बघायला मशीन आणलंय. गड्यावर एवढी माया कोण करतं?"

पत्रा उन्हानं कटकट वाजला. त्या दिवशी सकाळी आक्कानंच सोमनाथला ओवाळून दवाखान्यात धाडलं होतं. मशीन कशासाठी आहे, कुणाच्या दंडाला असायला हवं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"काय... म्हणाली ती?"

"आधी तर काहीच न्हाई. बघत राह्यल्या. मग बसल्या, ह्या पोत्यावर, माझ्याशेजारी. तेवढ्यात हे फुगाया लागलं. त्यांनी पट्ट्यावर हात ठिवला, आन् हवा जाईस्तोवर उचलला न्हाई. मग उठल्या. म्हणल्या, 'भिकन, सकाळपोत काढू नको बरं का. आन् मी आल्ते ते सोमाला सांगू नको. लहानपणापासून भित्रा हाय तो.'" भिकननं एक फूल बाजूला टाकलं. "आता त्याच न्हाईत, म्हणून सांगतो."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर त्यानं ऐकून घेतल्या असत्या. शाप दिला असता तर उतारा शोधला असता. तिनं त्याचं खोटं जाणूनबुजून सकाळपर्यंत बांधून ठेवायला लावलं, आणि घरी येऊन त्याच्या ताटातलं मीठ काढलं.

"शेठ," भिकन वाकड्या तोंडानं हळूच म्हणाला, "माझं चांगलं आलं व्हतं ना त्यात? मंग ह्या हाताला काय झालं वो?"

सोमनाथ उत्तर देणार तोच कमरेची डबी गुणगुणली. पट्टा आवळला. त्यानं हात सैल सोडला. पट्टा आवळतच गेला. आता सुटेल, आता सुटेल... सुटेना. बोटं बधिर झाली. आत घरघर सुरू झाली, दंडापासून खांद्यापर्यंत, खांद्यापासून दातांपर्यंत. वाफ्यातल्या बायकांचे आवाज लांब लांब गेले. झेंडूच्या वासात दवाखान्याच्या स्पिरीटचा वास मिसळला.

आणि भिकनच्या शेजारचं पोतं दबलं.

हळूहळू दबलं. मधोमध खळगा पडला, कडा वर आल्या, आतली फुलं चिरडल्याचा ओला आवाज झाला. भिकननं मान वळवून त्या खळग्याकडं बघितलं. घाबरला नाही. उजव्या हातावर जोर देऊन तो थोडा सरकला, कुणाला नीट बसता यावं म्हणून जागा करतो तसा.

"शेठ..." तो कुजबुजला, "बोला काहीतरी. त्या वाट बघत्यात..."

"तुझं चांगलं नव्हतं आलं," सोमनाथ म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू येईना. "वाईट आलं होतं, भिकन. मी तुला फसवलं. आक्काला... माझी किडनी चांगली होती..."

पट्टा सुटला. पोत्याचा खळगा मात्र तसाच राहिला. भिकननं निवडलेली फुलं पुन्हा न निवडलेल्यांत ढकलली आणि तोंड भिंतीकडं केलं. त्या दिवसानंतर तो सोमनाथशी एक शब्द बोललेला नाही. दोघं रोज भेटतात, सोमनाथ स्वतः त्याला गोळी भरवतो, तो तोंड उघडतो, गिळतो. बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोमनाथ दवाखान्यात पोचला तो सगळं सांगायचं ठरवूनच. सुवर्णा त्याला बघताच उठली.

"काका, सॉरी हं! काल किती फोन केले तुमच्या गाळ्यावर, कुणी उचललाच नाही. तुमचा दिवस वाया गेला."

"का?"

"अहो, जुने सेल उतरले होते म्हणून मी काढले, नवे घालणार तेवढ्यात बाहेर एका आजींना चक्कर आली. त्या गडबडीत झाकण तसंच लावलं." तिनं त्याच्या कमरेची डबी सोडवून उलटी केली, मागचं झाकण सरकवलं. आत रिकामी खाच. "बघा. फुगलंच नसेल ना एकदाही?"

सोमनाथनं पट्टा दंडातून उतरवला आणि तसाच टेबलावर ठेवला. दंडावर लाल वळ होता.

"मागच्या वर्षीचा रिपोर्ट माझा नव्हता," तो म्हणाला. "डॉक्टरसाहेबांना सांगायचंय मला. बहीण वाचली असती."

सुवर्णा त्याच्याकडं बघत नव्हती. ती टेबलाकडं बघत होती.

पट्टा फुगत होता. मशीनमध्ये सेल नाहीत, पट्ट्यात कुणाचा दंड नाही, सकाळचं लख्ख ऊन खिडकीतून टेबलावर पडलेलं. पट्टा सावकाश गोल झाला आणि ताठ उभा राहिला. रिकामा पट्टा असा उभा राहत नाही, सुवर्णानं नंतर सांगितलं. आत काही धरायला असेल तरच राहतो. आणि मधली पोकळी सोमनाथच्या दंडाएवढी नव्हती. बरीच बारीक होती. आजारी माणसाच्या हाताएवढी.

मोजायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ तो तसा राहिला. मग हवा गेली.

सुवर्णानं त्याच आठवड्यात नोकरी सोडली. मशीन दवाखान्यात आहे अजून. लोकांना लावतात, रिपोर्ट बरोबर येतात म्हणे. सोमनाथच्या दंडाला त्यानंतर कुणी धरलं नाही. तो म्हणतो, हेच जास्त वाईट आहे. धरत होती तोवर निदान कळत होतं, ती कुठं आहे ते.

चहा पार निवला तुमचा. असू द्या, दुसरा सांगतो. तुम्ही नव्यानं धंद्यात पडताय, म्हणून एवढं बोललो. माझं एकच मागणं आहे. द्यायचं नसेल तर तोंडावर 'नाही' म्हणा, समोरचा रडेल, शिव्या देईल, ऐकून घ्या. पण आपलं माप दुसऱ्याच्या अंगाला बांधू नका. हिशोब खरा ठेवा, बाबा... समोरच्याला तो कळलाय की नाही, हे आपल्याला कधीच कळत नसतं.